नांदूरचे पाहुणे आणि माझी एक नोंद

(मंडळाच्या कोजागिरीच्या बैठकीत केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी 'पाहुणे पक्षी' या विषयावर मला बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात यापूर्वी मी एकदाच बोलले आहे, तेही वर्षाचा मसाला कसा टिकवावा यावर. परंतु या पक्ष्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट घडलेली आहे. ती चारचौघींत सांगावी असे गेले वर्षभर मनात होते. म्हणून उभी राहिले. कागदावर लिहून आणले आहे, तेच वाचते. बोलायला लागले की मी भरकटते, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच.

माझे माहेर निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वरच्या फुगवट्याला लागून. गोदावरी आणि कादवा यांचा तिथे संगम आहे. इंग्रजांच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, तिथे बंधारा बांधला आणि कालवे काढून पाणी खाली कोपरगाव-राहात्याकडे नेले. बंधारा बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हतेच. पण नदीने दरसाल गाळ आणून टाकला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे झाली, लव्हाळे आणि पाणवनस्पती माजल्या, आणि पाखरांना अशीच जागा हवी असते. १९८६ साली सरकारने ते अभयारण्य केले. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची एक यादी असते, तिला रामसर यादी म्हणतात. २०२० च्या जानेवारीत नांदूरचे नाव त्या यादीत आल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातली ती पहिलीच जागा. लोक त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. आम्ही लहानपणी त्याला नुसते 'पाणी' म्हणत होतो. "पाण्याकडं जाऊ नको," एवढाच त्याचा आणि आमचा संबंध.

आईला मात्र त्या पाखरांचा नाद होता. नाद म्हणजे काय, ती काही दुर्बीण घेऊन बसत नव्हती. पण शेपटी खालीवर हलवत चालणारा धोबी अंगणात पहिल्यांदा दिसला, की ती चुलीमागच्या भिंतीवर गेरूची एक रेघ ओढायची. "आला गं बाई पाहुणा" म्हणायची आणि कामाला लागायची. चक्रवाक आले की दुसरी रेघ. करकोच्यांची रांग आभाळातून ओरडत गेली की तिसरी. दिवाळीला घर सारवताना ती भिंत तेवढी पुसायची नाही, असा दंडक होता. वडील चिडायचे. त्यांचा जीव हरभऱ्यात, आणि पाण्याकाठच्या शेतात पाखरे उतरली की कोंबांची दैना व्हायची. त्यांचेही खोटे नव्हते. एका घरात एक माणूस पाखरांची वाट पाहते आणि दुसरे डबा वाजवून हाकलते, असे आमचे चालले होते.

आईचा एक ठोकताळा होता: गणपती गेले की धोबी येतो. बहुतेक वर्षी तो खरा ठरे, आणि मधूनच चुके. २०२३ साली ती मला फोनवर म्हणाली, "औंदा धोबी गणपतीतच आला. काय घाई झाली होती कोण जाणे." मलाही नवल वाटले. मग माझ्या धाकट्या भावाने हसून समजावले. त्या वर्षी श्रावण अधिक होता, गणपती १९ सप्टेंबरला बसले. आदल्या वर्षी ते ३१ ऑगस्टलाच बसले होते. धोबी आपल्या वेळेवरच आला, गणपतीच मागे सरकले! पाखरू तिथी पाहत नाही, ते सूर्याकडे पाहते. दिवस लहान होऊ लागला की त्याच्या अंगात हालचाल सुरू होते, ते भरपूर खाऊन अंगावर चरबी धरते आणि मग निघते. आईला हे सांगितले, तर ती म्हणाली, "मग माझ्या रेघा चुकल्या म्हणायच्या का?" भाऊ म्हणाला, "रेघा बरोबरच आहेत, फक्त बाजूला इंग्रजी तारीख लिहीत जा." सत्तरीच्या आईने तेव्हापासून कॅलेंडरवर खूण करायला सुरुवात केली.

हे पक्षी येतात का, असे मला पुष्कळजणी विचारतात. थंडीला भिऊन येतात असे आपण समजतो. पण नुसती थंडी त्यांना फारशी बाधत नाही, पिसांचे पांघरूण चांगले जाड असते. खरी अडचण पोटाची. तिकडे तिबेटात, मंगोलियात, सैबेरियात तळी गोठली की पाण्याखालचे गवत, किडे, गोगलगाई सगळे कुलपात पडते. म्हणून ते इकडे येतात, आणि आपल्याकडे उन्हाळा तापू लागला की परत जातात, कारण तिकडच्या लांबलचक दिवसांत पिलांना भरवायला मुबलक मिळते. चक्रवाक लडाख-तिबेटाकडून येतो. पट्टकादंब नावाचा हंस आहे, त्याच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. तो हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या अंगावर यंत्र बांधून पाहिले, तर सात हजार मीटरहून वर उडाल्याची नोंद मिळाली. आपल्याला चामरलेणीच्या पायऱ्या चढताना धाप लागते. वाट ते सूर्यावरून, ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकशक्तीवरून ओळखतात. पुष्कळ पाखरे रात्रीची उडतात. आत्ता आपण आटीव दुधाची वाट पाहत बसलो आहोत, या चांदण्यातूनही कोणी वरून जात असेल.

पण नांदूरला दिसते ते सगळेच पाहुणे नव्हेत. काही तिथलेच. एका बदकाचे नाव हळदीकुंकू बदक! चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि कपाळाशी दोन लाल ठिपके. हे बदक बाराही महिने आपल्याकडेच असते. पाण्यावर हजारोंनी दिसणारा काळा पक्षी, ज्याच्या कपाळावर पांढरा टिळा आहे, त्याचे नाव वारकरी. चपट्या चोचीचा तो थापट्या. लांब टोकदार शेपटीचा तो तलवार बदक. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात उभा जन्म काढून अशी लोकांच्या तोंडची नावे गोळा केली आणि मराठीत पक्षिकोश केला. मला इंग्रजी नावे पाठ होत नाहीत, पण या नावांवर माझे काम चालते.

आता माझ्या गोष्टीकडे येते.

माझा धाकटा भाऊ अभयारण्यात मार्गदर्शक आहे. मुंबई-पुण्याचे लोक येतात, त्यांना तो बांधावरून, मनोऱ्यावरून पक्षी दाखवतो. त्याची एक नोंदवही आहे. कोणता पक्षी, किती, कुठे, किती वाजता, कोणी पाहिला, असे रकाने आखलेले. ती वही तो देवाच्या पोथीसारखी जपतो, कारण तिच्यातल्या नोंदी पुढे अभ्यासकांकडे जातात.

२०२३ च्या डिसेंबरात मी चार दिवस माहेरी गेले होते. निफाडची थंडी तुम्हांला ठाऊक आहे, कुंदेवाडीचा आकडा रोज वर्तमानपत्रात येतो. भल्या पहाटे भावाबरोबर पाहुणे मंडळी निघाली, त्यांच्यामागे मीही डबा घेऊन निघाले. त्यांत एक बाई होत्या, चांगल्या शिकलेल्या, गळ्यात भारी दुर्बीण. मी पाण्याकडे पाहत उभी होते, तर त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हांला यातलं काही कळतं का हो?" त्यांच्या मनात काही वाईट नसेल. पण मला ते फार लागले. सातवीनंतर शाळा सुटली ती धाकट्यांना सांभाळायला. तो धाकटा आज सर्वांना पक्षी शिकवतो, आणि मी डबा धरून उभी. हे सगळे एका क्षणात मनात येऊन गेले.

थोड्या वेळाने मंडळी पुढे गेली, मी मागे राहिले. धुके होते. लांब बेटाच्या टोकाला एक उंच काळा पक्षी उभा दिसला. लाल पाय दिसले, पोट पांढरे दिसले. मान त्याने अंगात ओढून घेतली होती, आणि मध्ये लव्हाळा. दोनतीन मिनिटांत तो उडून धुक्यात गेला.

भगिनींनो, सगळे त्या मानेत आहे. आपल्याकडे कांडेसर नावाचा करकोचा असतो, अंग काळे, मान पांढरीशुभ्र लोकरीसारखी. तो इथलाच. आणि दुसरा काळा करकोचा. युरोप आणि मध्य आशियाकडून हिवाळ्यात येतो, आपल्या बाजूला फार थोडे येतात. त्याची मान काळी, उन्हात हिरवी-जांभळी चमक मारणारी. लांबून, धुक्यातून पाहिले तर मानेशिवाय दोघांची खात्री करणे माझ्यासारखीला शक्य नाही.

मी धावत जाऊन भावाला सांगितले. त्याने पहिला प्रश्न केला, "ताई, मान पाह्यली का तू?"

त्या बाई जवळच उभ्या होत्या. मी म्हटले, "हो. काळी होती."

भावाने वहीत लिहिले: काळा करकोचा, एक, सकाळी सात वीस. आणि पाहणाऱ्याच्या रकान्यात माझे नाव. माझे नाव त्यापूर्वी कशात लिहिले गेले असेल तर ते शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकेत. त्या बाईंनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केले. दिवसभर मला गुदगुल्या होत होत्या. लाज अशी त्या दिवशी वाटलीच नाही, हे खरे तेच सांगते.

दुसऱ्या दिवशी भावाच्या फोनवरून बातमी पसरली आणि माणसे येऊ लागली. दोन दिवसांत अकरा जण आले. नाशिकरोडचे एक निवृत्त मास्तर होते. गुडघ्यांना पट्टे बांधलेले. ते एक एक पायरी बसून मनोऱ्यावर चढले आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्या बेटाकडे दुर्बीण लावून बसले. मी त्यांना चहा नेऊन दिला. ते म्हणाले, "ताई, चाळीस वर्षं पक्षी पाहतोय, काळा करकोचा तेवढा राहिलाय. तुमचे डोळे भाग्याचे." मी कप उचलून खाली आले. तिसऱ्या दिवशी त्याच बेटावर, त्याच टोकाला, कांडेसर उभा होता. मान लांब करून, पांढरीफेक. भाऊ माझ्याकडे पाहत होता. मी म्हटले, "तो वेगळा होता."

एवढे बोलून मी नाशिकला निघून आले.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या राखीपौर्णिमेला मी पुन्हा गेले. पावसाळ्यात पाहुणे थोडे, पण दोन तरुण मुले मुक्कामाला होती. रात्री ओट्यावर बसून भाऊ त्यांना रानपिंगळ्याची हकीकत सांगत होता. मी आत भाकरी थापत होते, दार उघडे होते.

पिंगळा आपल्या सर्वांना ठाऊक आहे, लहान घुबड. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद, पण डोक्यावर पिंगळ्यासारखे दाट ठिपके नसतात. १८७२ साली तो पहिल्यांदा मध्य भारताच्या पूर्व भागात ब्ल्यूइट नावाच्या गृहस्थांना मिळाला. पुढच्याच वर्षी ह्यूमसाहेबांनी, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते त्यांनीच, त्याचे नाव ठेवले. मग १८८० ते १८८४ या काळात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून, शहाद्याच्या बाजूने, काही नमुने गोळा केले. तेव्हाची रीत अशी, की पक्षी मारून, कातडे सोलून, आत कापूस भरून, शिवून ठेवायचा. १८८४ नंतर हा पक्षी नाहीसाच झाला. फक्त माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज कर्नलाने, आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाला असे सांगून एक नमुना दाखवला होता. पुढे सलीम अलींसारख्या माणसानेही रानपिंगळा शोधून पाहिला. मिळाला नाही.

मग पामेला रासमुसेन नावाच्या एका अमेरिकन बाईंनी संग्रहालयातले नमुने तपासायला घेतले. सगळ्या जगात मिळून सातच. क्ष-किरणाने आतून पाहिले. कर्नलाचा पक्षी पुन्हा भरलेला निघाला, आणि मूळची हातोटी डेव्हिडसनची. प्रत्येकाची सोलण्याची, भरण्याची, टाका घालण्याची एक पद्धत असते. आपल्या मंडळातसुद्धा कोणते झबले कोणी शिवले हे आपण उलटे करून ओळखतो की नाही? कर्नलाने डेव्हिडसनचाच एक पक्षी संग्रहालयातून चोरला होता, उसवून पुन्हा भरला होता, आणि वर आपली चिठ्ठी बांधली होती. तारीख खोटी, गाव खोटे.

रासमुसेनबाईंनी ती चिठ्ठी बाजूला टाकली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे दोघे त्यांच्याबरोबर होते. आधी पूर्वेकडची ठिकाणे पाहिली, तिथे काही नाही. मग खानदेशात आले. १९९७ च्या २५ नोव्हेंबरला, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उन्हात एका झाडावर रानपिंगळा बसलेला होता. एकशेतेरा वर्षांनी! तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. नंतर मेळघाटात, आणि २०१४ साली मुंबईजवळ तानसाच्या जंगलातही तो सापडला.

भाऊ त्या मुलांना म्हणत होता, "एका माणसाची खोटी चिठ्ठी कितीतरी वर्षं खरी मानली गेली. डेव्हिडसन तर पक्षी मारत होता, पण त्याने गाव खरं लिहिलं, म्हणून पक्षी सापडला."

तव्यावरची भाकरी करपली. मला ते मास्तर डोळ्यांसमोर दिसू लागले, एक एक पायरी बसून चढणारे. माझे नाव अजून त्या वहीत होते, आणि वहीतून पुढे कुठे कुठे गेले असेल.

रात्रभर झोप नाही. पहाटे भाऊ गोठ्यात होता, तिथे जाऊन सांगितले. "मान मी पाहिली नव्हती." तो काही बोलला नाही. दूध काढून झाले, चरवी उचलली, मग म्हणाला, "ताई, मी वही कुणाच्या नावावर चालवतो? माझ्या शब्दावर." बस्स, एवढेच. त्या दिवशी त्याने त्या अकरा जणांना एकेक करून फोन लावला. नोंद जिथे धाडली होती तिथे कळवले. आपल्या बहिणीने खोटे सांगितले असे त्याने कोणाला म्हटले की नाही, मला कळले नाही, मी विचारलेही नाही. नाशिकला आल्यावर त्याचा फोन येईना. मी केला तर आई उचलायची.

आमच्या यांना मी सारे सांगितले. ते म्हणाले, "एका पाखराचं काय एवढं?" पुरुषांचे बरे असते. मला गणपतीत, नवरात्रात कशातच गोडी लागली नाही. मास्तरांचा पत्ता काढून त्यांच्या घरी गेले. मी बोलून संपवले तोवर ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझा काळा करकोचा अजून राहिलाच आहे तर." रागाने म्हणाले की हसत, मला आजही नक्की सांगता येणार नाही. चहा मात्र दिला.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, भाऊ येईल अशी आशा सोडली होती. दुपारी दोनला दारात मोटारसायकल वाजली. ओवाळले. त्याने ताटात ओवाळणी घातली आणि पिशवीतून ती वही काढून माझ्यापुढे ठेवली. पान फाडलेले नव्हते. काळ्या करकोच्यावर एक रेघ, खालचे अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिले होते: "करकोचा, जात नक्की नाही. मान पाहिली नाही." पाहणाऱ्याच्या रकान्यात माझे नाव होते तसेच होते.

मी म्हटले, "नावही खोड ना." तो म्हणाला, "पाह्यला तर तूच. करकोचा होता, हे तर खरं ना?"

तेव्हापासून माझी स्वतःची एक वही आहे, आमच्या गच्चीवरच्या आणि गोदाकाठच्या पाखरांची. त्यात 'नक्की नाही' असे शेरे फार आहेत. यंदाचा धोबी २१ सप्टेंबरला दिसला, गणपती जाऊन पंधरा दिवस झाले होते. आईचा धोबी त्याच्या तीन दिवस आधी आला, असे तिच्या कॅलेंडरवर आहे.

आता सहलीविषयी सेक्रेटरीबाईंनी सांगायला सांगितले आहे ते सांगते. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला मंडळाच्या दारातून बस निघेल. अंतर सुमारे ४० किलोमीटर. भडक पातळे नेसू नयेत, मळकट हिरवा किंवा मातकट रंग बरा. बांगड्या थोड्या घालाव्यात, मनोऱ्यावर त्यांचा आवाज होतो. शाल आणि पाण्याची बाटली हवी. डब्यातले पाखरांना घालू नये. दुर्बिणी दोनच आहेत, पाळीपाळीने पाहावे लागेल. नाशिकरोडचे मास्तरही आपल्या बसने येणार आहेत, त्यांना पुढची जागा ठेवावी. मनोऱ्यावर त्यांच्याबरोबर मी थांबेन.

काळा करकोचा आम्हां दोघांनाही अजून दिसलेला नाही.